'टेबल' करणे: मांडणे की गुंडाळणे?
या धाग्यात वर एकाने इंग्रजीतलं 'टेबल करणे' म्हणजे चर्चेला मांडणे असं लिहिलंय, दुसऱ्याने बाजूला ठेवणे. दोघंही बरोबर आहात, फरक देशाचा आहे.

ब्रिटनमध्ये आणि आपल्या संसदेत अहवाल 'टेबल' झाला म्हणजे तो सभागृहापुढे आला. 'कॅगचा अहवाल पटलावर ठेवला' अशी बातमी आपण वाचतो, ते पटल म्हणजे हेच टेबल. अमेरिकेत नेमकं उलट. तिथल्या प्रतिनिधीगृहात ठराव 'टेबल' झाला की तो बहुधा कायमचाच निकालात निघतो. ऑफिसात एवढं टोकाचं नसतं, 'आत्ता नको, नंतर बघू' इतकंच.

चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात याचा किस्सा दिलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते 'टेबल करू' म्हणाले. अमेरिकनांना वाटलं, हे तो खणात टाकून विसरायला निघालेत! हवं होतं दोघांनाही एकच, तरी बराच वेळ चांगली जुंपली.

ओळखायचं कसं? मेलमध्ये 'लेट्स टेबल धिस फॉर नाऊ' असं, म्हणजे मागे 'फॉर नाऊ' किंवा 'अंटिल मंडे'चं शेपूट असेल, तर पुढे ढकलणं. कर्ता मंत्री आणि कर्म 'बिल' किंवा 'रिपोर्ट' असेल आणि बातमी इथली असेल, तर मांडणं. अमेरिकन क्लायंटला लिहिताना मी हे क्रियापद टाळतोच. सरळ 'प्रपोज' नाहीतर 'पोस्टपोन' लिहितो.