बंदी पोरांना की गाडीच्या चावीला?

कोल्हापुरात रात्री दहानंतर अठराच्या आतल्या पोरांना बाहेर बंदीच घाला, असं म्हणणाऱ्यांचं काही पटलं नाही. राजारामपुरीतले काही क्लास सुटायलाच नऊ-साडेनऊ होतात. मग चौकात वडापाव खात उभ्या पोरांना पोलिसांनी हटकायचं? आणि विसर्जन मिरवणूक तर आपल्याकडं रात्रभर चालते!

खरा घोर आहे तो रंकाळ्यावर ट्रिपल सीट सुसाट जाणाऱ्यांचा. त्याला नवा नियम कशाला? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण चावी बापच देतो, वर 'आमचं पोरगं लय भारी चालवतंय' हे कौतुक.

आमच्याकडं कुठं, कुणाबरोबर ते सांगायचं आणि फोन उचलायचा, एवढंच. मुलगा-मुलगी दोघांनाही. (यावरून आमच्या आईंचा अबोला चालू आहे, ते सोडा.)