यूटातील मॉर्मन शेजारी आणि त्यांचे मत

प्रश्न (गुहागर): मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील यूटा राज्यात राहतो. त्याचे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे शेजारी चहासुद्धा घेत नाहीत. ते मतही चर्चच्या सांगण्यावरून देतात का?

उत्तर (देवगड): काका, आपल्याकडे वाडीच्या बैठकीत ठरते तसा तिथे उमेदवार ठरत नाही, चर्च कोणत्याही पक्षाला पाठिंबा देत नाही. मात्र २००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रोखणाऱ्या प्रस्तावासाठी वेळ आणि पैसा द्यावा असे आवाहन त्याने अनुयायांना केले होते, त्यामुळे ही तटस्थता मला अपुरी वाटते.

उत्तर (मालवण): कोकम सरबताला मात्र आडकाठी नाही, तेव्हा आगळ अवश्य पाठवा. महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडून ते त्याचे पैसे गरिबांसाठी देतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते.