जीआरएन बरोबर, बॉक्स बरोबर, मग ४८० पीस गेले कुठे?

काल्हेर_इनवर्ड
नमस्कार मंडळी. भिवंडीला काल्हेरमध्ये एफएमसीजीचं गोदाम आहे, मी इनवर्ड म्हणजे येणारा माल बघतो. तीन महिन्यांपूर्वी डब्ल्यूएमएस (गोदामाचं सॉफ्टवेअर) बसवलं तेव्हापासून डोक्याला ताप आहे. परवा शाम्पूचे ४० बॉक्स आले, सगळे सीलबंद, हमालांनी मोजून उतरवले, इनव्हॉइसवर पण ४०. आमचा पोरगा एका बॉक्समधून बाटली काढतो, ती स्कॅन करतो, क्वांटिटीत ४० बॉक्स टाकतो आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतो. सिस्टीमला २४०० पीस चढले. काल बॉक्स फोडून माल फळीवर लावला आणि मोजला तर १९२०! आउटवर्ड शून्य, म्हणजे बाहेर काहीच गेलं नाही. मालक म्हणतात चोरी आहे, कॅमेरे बघ. चार तास बघतोय, एक मांजर सोडून काही दिसलं नाही. कुठे शोधू?

चाकण_स्टोअर्स
कॅमेरा बंद करा आधी. ४८० भागिले ४० किती? बरोब्बर १२. कुठला चोर प्रत्येक बॉक्समधून मोजून १२ बाटल्या काढेल आणि परत टेप मारून ठेवेल? आयटम मास्टरला (सिस्टीममधली मालाची यादी) केस साइज, म्हणजे एका बॉक्समधले नग, ६० असणार, माल ४८ चा आलाय. रिकामा बॉक्स शोधून वाचा.

काल्हेर_इनवर्ड
रद्दीच्या ढिगातून काढला, पावसाने भिजलाय पण वाचता येतंय. ४८ नग 😭

चाकण_स्टोअर्स
बाटली स्कॅन करता तिथेच घोळ आहे. बाटलीवरचा १३ आकडी कोड ६० च्या पॅकमध्ये पण तोच आणि ४८ च्या पॅकमध्ये पण तोच, त्यामुळे सिस्टीमला फरक कळणारच नाही. बॉक्सवर बाहेर १४ आकडी असतो तो स्कॅन करा, आतले नग बदलले की कंपनीने तो बदलायचा असतो. अनोळखी कोड आला की स्कॅनर अडेल, अडू दे, तेव्हाच बॉक्स उघडून बघायचं.

हिशेबी_ताई
दादा, बिल कितीचं लागलंय ते बघितलं का? ६० च्या हिशेबाने लागलं असेल तर क्रेडिट नोट (जादा लागलेली रक्कम वजा केल्याचा कागद) मागा, तोंडी नको, मेल करा. सप्लायर मायक्रो किंवा स्मॉल मॅन्युफॅक्चरर असेल तर एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात. आणि ओले-फुटके बॉक्स असतील तर ड्रायव्हर जायच्या आत एलआरवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) शेरा मारून त्याची सही घ्यायची. नंतर फोनवर कोण ऐकत नाही.

काल्हेर_इनवर्ड
ताई, बिलात बारीक अक्षरात १९२० पीस लिहिलंय 🤦 आम्ही फक्त बॉक्सचा कॉलम बघतो.

रॅक_नंबर_७
म्हणून आमच्याकडे उतरवणाऱ्याला बिल दाखवतच नाही, स्क्रीनवर पण क्वांटिटी लपवलीय. आकडा समोर असला की माणूस मोजत नाही, तोच आकडा टाकतो. मोजणी पीओशी (आपल्या खरेदी ऑर्डरशी) जुळली नाही तर माल क्यूसी होल्डला (तपासणीसाठी बाजूला) जातो, पिकिंगला म्हणजे ऑर्डरचा माल काढणाऱ्यांना दिसतच नाही. सुरुवातीला पोरं वैतागली, गाडीमागे वेळ जास्त जातो हे खरंय.

काल्हेर_इनवर्ड
सगळ्यांचे आभार. मास्टरला ६० चं ४८ केलं की झालं ना?

चाकण_स्टोअर्स
अहो थांबा!! जुने ६० चे बॉक्स रॅकवर असतील तर ते पण ४८ धरले जातील. ६० ला हात लावू नका, ४८ चा वेगळा पॅक त्याच्या १४ आकडी कोडसकट ॲड करा, आणि या ४० बॉक्सचा जीआरएन तेवढा दुरुस्त करा.

काल्हेर_इनवर्ड
दहा मिनिटांपूर्वीच बदलला होता. परत फिरवतो.