मदत हवी आहे : वसाहतीतील बागेच्या देखभालीचा खर्च कोणी व कसा करावा?

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडच्या बाजूला नव्याने झालेल्या आमच्या वसाहतीत ४२ प्लॉट आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार (म्हणजे प्लॉट पाडणे व बांधकाम यांच्या नियमांनुसार) ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात (ले-आउटमध्ये) किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तशी ती आमच्याकडेही आहे. विकसकाने तेथे छोटी बाग करून दिली, पण ती रीतसर हस्तांतरित न करता तो निघून गेला. आता बोअरची मोटर जळाली आहे, सी-सॉची फळी मधोमध चिरली आहे आणि लहान मुले शाळेच्या बाटल्यांतून पाणी आणून बकुळीची दोन रोपे जगवत आहेत, हे पाहवत नाही.

दरमहा २०० रुपये वर्गणी ठरवली, परंतु ज्यांचे प्लॉट अजून मोकळे आहेत त्यांनी ती देण्यास नकार दिला आहे. त्यांची बाजू मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. तरीही वर्गणी घरागणिक घ्यावी, की प्लॉटच्या क्षेत्रफळानुसार? जागेची मालकी रहिवाशांकडे ठेवून केवळ देखभाल महापालिकेकडे सोपवण्याचा करार कोणी केला आहे का? असल्यास अर्ज कोणत्या विभागाकडे केला, कोणती कागदपत्रे जोडली आणि बाहेरच्यांना प्रवेश देण्याची अट होती का, हे कृपया सविस्तर कळवावे.