गोल्ड रशचं गाव: बोडी, कोलंबिया की व्हर्जिनिया सिटी?

रानवारा: आई-बाबा सप्टेंबरमध्ये आमच्याकडे बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) येतायत. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. "पूल-बिल नको, 1849 मध्ये लोक सोन्यामागे धावले ते गाव दाखव," असं फर्मान आलंय. दोन दिवस आहेत, बाबांचा गुडघा कुरकुरतो. कुठे नेऊ?

चिंचगुळ: बोडी, ते ओसाड पडलेलं गाव! डोळे झाकून. 1880 च्या आसपास हजारोंची वस्ती होती, आता शंभरेक लाकडी घरं उरलीत. ती पडू देत नाहीत, पण रंगरंगोटी करून नवीही करत नाहीत. काचेला नाक लावून आत बघायचं. दुकानाच्या फळ्यांवर डबे तसेच, सगळ्यावर धूळ. मी तासभर गप्प होतो (बायको साक्षीदार आहे).

पाटावरवंटा: चिंचगुळदादा, गुडघ्याचं वाचलंत ना? बोडी 8,375 फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, वर खायला काही मिळत नाही. शिवाय ते 49 चं गावच नव्हे. तिथे सोनं सापडलं 1859 मध्ये, भरभराट त्यानंतर वीसेक वर्षांनी.
बाबांना 49 च हवं असेल तर कोलंबिया. 1850 चं गाव, मेन स्ट्रीटवर गाड्यांना बंदी, सपाट चालणं. तिथली लोखंडी दारं बाबांना आवर्जून दाखवा. 1854 च्या आगीत लाकडी गाव जळालं, मग लोकांनी विटांची दुकानं बांधून त्यांना लोखंडी दारं बसवली. 1857 मध्ये पुन्हा आग लागलीच.

काळीमैना: व्हर्जिनिया सिटीचं कुणीच बोलेना! नेवाडात आहे, रस्ता चढाचा, पण गोष्ट भारी. सोनं धुताना मध्ये येणाऱ्या निळसर चिखलाला लोक शिव्या घालत होते. तपासायला पाठवला तर त्यात चांदी निघाली. त्या चांदीवर गाव उभं राहिलं. 1864 मध्ये नेवाडा राज्य होताना घाई इतकी, की अख्खी राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला धाडली! इतिहासाच्या मास्तरांना हे सांगाच.

रानवारा: तारेचा किस्सा फोनवर सांगितला. बाबा म्हणाले, "बिल कोणी भरलं?" कोलंबिया नक्की. दुसऱ्या दिवशी कोलोमा, 24 जानेवारी 1848 ला पहिला कण सापडला ते ठिकाण. बोडीला मी एकटा जाईन म्हणतो. चिंचगुळ, डबा काय नेला होतात?

चिंचगुळ: धपाटे. आणि पाणी दुप्पट घ्या.