मानेच्या डॉप्लरचं (धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) विचारून घ्या
तोंडाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशनचे त्रास वर्षभरात ओसरतात असं म्हणतात, पण ते तोंडातल्या फोडांपुरतं ठीक. मानेतल्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांचं उलटं असतं, त्या वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत जाऊ शकतात. धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याच किरणांनी खराब होतात, मग भिंत जाड होते, चरबीचे थर साचतात.

आमच्या काकांना (तंबाखू, गालाचा कॅन्सर, 33 वेळा रेडिएशन) नऊ वर्षांनी एका सकाळी उजव्या हातात चहाचा कप धरवेना. दहा मिनिटांत हात पूर्ववत, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. पुढे दात दाखवायला गेले तेव्हा सहज बोलले म्हणून बरं! डॉप्लर सोनोग्राफीत डावी कॅरोटिड बरीच अरुंद निघाली; उजव्या हाताचा ताबा मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो, तिथे रक्त कमी पडल्याची ती खूण होती. मान आतून कडक झालेली, त्यामुळे चिरफाड टाळून स्टेंट घातला. इतक्या वर्षांच्या फॉलोअपमध्ये ही साधी, न दुखणारी तपासणी कुणी सुचवलीच नव्हती.