अन्नहक्काच्या अभ्यासात विद्यापीठाशी करार: गटाने काय लिहून घ्यावं?

माळरान_बीड
धारूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटांकडे एक विद्यापीठ रेशन आणि आहाराचा दोन वर्षांचा अभ्यास घेऊन आलंय. घरोघर फिरणार गटातल्या बाया. मसुद्यात आम्ही 'भागीदार', पण कलमं फक्त माहिती गोळा करण्याची. सही करण्याआधी काय बदलून घ्यावं?

कोरडवाहू
आधी पूर्ण अंदाजपत्रक मागा. मानधन फॉर्ममागे असेल तर दिवसावर आणा. फॉर्मवर पैसे ठेवले की लांबच्या तांड्यावरची घरं सुटतात, आणि उपाशी घरं बहुतेक तिथंच असतात. प्रशिक्षणाचे दिवसही धरा. दर खुरपणीच्या रोजापेक्षा कमी नको. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी गटाच्या खात्यात आला पाहिजे. 'आधी खर्च करा, मग बिलं द्या' हे गटाला झेपत नाही.

फडावरचा
प्रश्नावली गटासोबत बसून ठरेल, हे कलम सगळ्यात महत्त्वाचं. धारूर म्हणजे ऊसतोड, हंगामात कामाची माणसं बाहेरगावी. डिसेंबरात पाहणी केली तर गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. एक फेरी भाद्रपदात गावात, दुसरी जानेवारीत उसाच्या फडावर घ्या.

'रेशन मिळालं का?' एवढंच विचारू नका. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. कार्डातल्या कुणाचाही अंगठा चालतो. घरच्यांनी सगळं धान्य उचललं, तर फडावरच्या कोयत्याला (तोडणीच्या जोडप्याला) 'एक देश एक रेशन', म्हणजे कुठल्याही दुकानात धान्य घेण्याची सोय, असूनही त्या महिन्यात काही उरत नाही. कागदावर मात्र 'मिळालं'. म्हणून कुणी, कुठं, किती उचललं, हे वेगळं विचारा. आपल्याकडच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रक्कम आहे, त्याचा रकाना वेगळा.

आहाराचे प्रश्न बाईला एकटीला विचारा. सासूसमोर ती पोटभर जेवल्याचंच सांगते.

माळरान_बीड
आणि माहिती कुणाच्या ताब्यात?

कोरडवाहू
फॉर्मवर फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावं जुळवणारी यादी गटाच्या कुलपात, बाकी माहितीची पूर्ण प्रत दोघांकडे. पण नाव काढून भागत नाही. चाळीस घरांच्या वस्तीत जात, वय आणि 'विधवा' एवढं छापलं तरी दुकानदार तक्रार करणारीला ओळखतो, आणि पुढच्या महिन्यात तिचा अंगठा 'जुळत नाही'. म्हणून अहवाल छापण्याआधी गटासमोर मराठीत वाचायचा, हरकतीला ३० दिवस, आणि ओळख पटवणारा मजकूर काढायला लावण्याचा हक्क गटाचा. लेखकांत गटाचं नाव हवं.

निष्कर्षांचा दोन पानी मराठी गोषवारा १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी हातात मिळेल, अशी तारीख करारातच घाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षण (लोकांनीच केलेली योजनेची तपासणी) आणि रेशनवर देखरेख करणारी दक्षता समिती दोन्ही आहेत. तोच कागद तिथं ठेवता येतो.